थंडीतला खाऊ आणि लेकरांचा वाटा

 

थंडी चांगलीच पडलीय. हरभऱ्याला घाटे धरलेत, बोरी लालसर व्हायला लागल्यात, उसाच्या गाड्या रस्त्यानं रांगेनं चालल्यात. आता संक्रांत येईल आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी लहान लेकरांची बोरन्हाणं होतील. लेकराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. खाली पडलेलं वेचायला गल्लीतली सगळी पोरं टपून बसलेली असतात.

थंडीत लेकरांना काहीतरी द्यायची ही रीत आपल्याकडेच आहे असं नाही. जगात कितीतरी ठिकाणी ती आहे. आज आम्ही त्याच रीती तुम्हाला सांगणार आहोत. हा विषय आमच्या मासिक बैठकीतून निघाला. अंतर्गत कर्जाच्या अर्जात पूर्वी बी-बियाणं, शेळी, दवाखाना, शाळेची फी अशी कारणं यायची. हल्ली त्यात मुलाचा वाढदिवस, बारसं, बोरन्हाण अशी कारणंही यायला लागलीत. हॉलसारखा मंडप, फुग्यांची कमान, आलेल्या प्रत्येक पोराला द्यायची भेट. ज्या बाईला नाही जमत, तिला खाली मान घालावी लागते. म्हणून आम्ही ठरवलं, की मुळात लेकरांना द्यायची रीत कशी होती ते जरा बघू. आपल्याकडे कशी होती आणि दुसरीकडे कशी होती, दोन्ही बघू.

आधी एक विचारू. हे सगळं थंडीतच का? कारण साधं आहे. युरोपात डिसेंबरात दिवस फार लहान होतात. आइसलँड नावाचा देश तर इतक्या उत्तरेला आहे, की डिसेंबरच्या शेवटी तिथल्या राजधानीत जेमतेम चार तास सूर्य दिसतो. शेत बर्फाखाली असतं, लेकरं घरात कोंडलेली असतात. पण पीक घरात आलेलं असतं. सफरचंदं, अक्रोड, सुकामेवा साठवलेला असतो. अंधाराच्या दिवसांत लेकरांना वाट बघायला काहीतरी हवं आणि घरात द्यायला काहीतरी असतं. आपल्याकडेही तसंच आहे. तीळ, गूळ, बोरं, ऊस, शेंगा हे सगळं याच दिवसांत हाताशी येतं. पूर्वी लेकरांचा खाऊ शेतातूनच यायचा, तो विकत घ्यावा लागत नव्हता.

आता पहिली गोष्ट सांगतो. लाल कपड्यातला, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. त्याच्या मागे एक खरा माणूस आहे. त्याचं नाव निकोलस. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेला मायरा नावाचं गाव होतं, तिथला तो चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू. त्याच्याबद्दल एक दंतकथा सांगतात. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. हुंडा द्यायला पैसा नाही, म्हणून लग्नं होईनात. त्या काळी अशा मुलींना विकलं जाण्याचीच भीती असायची. निकोलसला हे कळलं. तो रात्री त्यांच्या घरापाशी गेला आणि खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची थैली आत टाकून अंधारात निघून गेला. पहिलीचं लग्न झालं. मग दुसरीसाठी तसंच केलं, तिसरीसाठीही तसंच.

मैत्रिणींनो, बघा, ही गोष्ट हुंड्याचीच आहे. देश वेगळा, धर्म वेगळा, सतराशे वर्षांपूर्वीचा काळ, पण त्या बापाची काळजी आपल्या ओळखीची आहे. निकोलस दिवसा दारात येऊन, चार माणसं बोलावून, हार घालून घेऊन मदत देऊ शकला असता. त्यानं रात्र निवडली, कारण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. थंडीतल्या लेकरांच्या भेटींची एक मोठी रीत या गोष्टीपाशी जोडलेली आहे.

अशीच एक गोष्ट आपल्या देशातही आहे. पंजाबात संक्रांतीच्या आदल्या दिवशी लोहडी असते. पोरं टोळीनं घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि प्रत्येक घरातून त्यांना गूळ, रेवड्या, शेंगदाणे मिळतात. त्या गाण्यांत दुल्ला भट्टीचं नाव येतं. अकबराच्या काळातला हा बंडखोर. त्यानं गरीब मुलींना सोडवलं आणि बापाच्या जागी उभं राहून त्यांची लग्नं लावून दिली, असं लोक सांगतात. म्हणजे तिकडे निकोलस, इकडे दुल्ला. दोघांच्याही नावानं थंडीत पोरांना खाऊ मिळतो आणि दोघांच्याही कथेत संकटातल्या मुली आहेत.

निकोलसचा दिवस 6 डिसेंबर. जर्मनीत 5 तारखेच्या रात्री पोरं आपले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात. सकाळी बुटात संत्री, अक्रोड, सफरचंद, चॉकलेट सापडतं. नेदरलँड्समध्ये पोरं बुटात निकोलसच्या घोड्यासाठी गाजर नाहीतर गवत ठेवतात. आम्हाला हे फार आवडलं. घेण्याआधी द्यायचं आणि तेही मुक्या जनावराला. आपल्याकडे पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतो, त्यातलाच हा प्रकार. तिथं लेकराच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं करून देतात. भेट किती मोठी असेल? बुटात मावेल एवढी. तेवढंच माप.

आता इटलीला जाऊ. तिथं लेकरांना खाऊ आणते एक म्हातारी. तिचं नाव बेफाना. अंगावर जुनी शाल, हातात केरसुणी. तिची कथा ऐकाल तर हसाल आणि जरा गप्पही व्हाल. येशूचा जन्म झाला तेव्हा तीन ज्ञानी राजे त्या बाळाला बघायला निघाले होते. वाटेत त्यांनी या म्हातारीला रस्ता विचारला आणि म्हणाले, तूही चल आमच्याबरोबर. ती म्हणाली, नाही हो, माझं घर झाडायचं राहिलंय. राजे निघून गेले. मग तिला चुटपुट लागली. टोपलीत खाऊ भरला आणि ती धावत निघाली, पण ना राजे सापडले, ना ते बाळ. तेव्हापासून दर वर्षी 5 जानेवारीच्या रात्री ती घरोघर जाते आणि जिथं लेकरू आहे तिथं खाऊ ठेवते. कोण जाणे, हेच ते बाळ असेल.

आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे घरकामापायी बाईचं राहून जातं, हे तिकडंही हायच की!" सगळ्या हसल्या. पण दुसरं असं, की त्या म्हातारीला एकच बाळ सापडलं नाही, म्हणून तिनं सगळीच बाळं आपली मानली. आपलं-परकं, मुलगा-मुलगी, काही बघितलं नाही.

त्याच रात्री स्पेनमध्ये तीन राजांची मिरवणूक निघते. गावोगाव सजवलेले रथ फिरतात आणि रथांवरून पोरांवर गोळ्या-चॉकलेटांचा वर्षाव होतो. पोरं पिशव्या उघडून धावतात. आपलं बोरन्हाण आठवलं ना? फरक एवढाच, की तिथं वरून राजे ओततात आणि खाली अख्ख्या गावची पोरं असतात. रात्री पोरं बूट काढून ठेवतात आणि राजांच्या उंटांसाठी पाणी ठेवतात. 6 तारखेला सकाळी भेटी. त्या दिवशी गोल पोळीसारखा गोड पाव करतात, त्यात एक छोटी मूर्ती आणि एक वालाच्या दाण्यासारखी शेंगेची बी लपवलेली असते. मूर्ती ज्याला मिळेल त्याच्या डोक्यावर मुकुट आणि बी मिळेल त्यानं पावाचे पैसे द्यायचे. मेक्सिकोत ही रीत जरा पुढे गेली. तिथं पावात छोटी बाहुली असते. ती ज्याला मिळेल त्यानं 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे. तमाले म्हणजे मक्याचं पीठ सारण घालून, कणसाच्या पातीत गुंडाळून वाफवलेलं. एक सण संपता संपता पुढच्या जेवणाचं आमंत्रण मिळून जातं. भिशीसारखंच म्हणा ना.

आइसलँडमध्ये खाऊ आणणारे एक नाही, तेरा जण आहेत. ग्रिला नावाच्या राक्षशिणीची ही तेरा पोरं. 12 डिसेंबरपासून रोज रात्री एकेक डोंगरावरून उतरतो. लेकरं खिडकीत बूट ठेवतात आणि रोज सकाळी त्यात बारीकसं काहीतरी मिळतं. या तेराजणांची नावं त्यांच्या खोड्यांवरून पडलीत. एक पातेलं खरवडून खाणारा, एक चमचा चाटणारा, एक दारं आपटणारा, एक मेणबत्त्या पळवणारा. आपल्या घरातलीच पोरं की ही! त्याच देशात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणाऱ्या मालावर बंधनं होती, पण कागद मिळत होता. म्हणून लोक एकमेकांना पुस्तकं भेट द्यायला लागले. ती रीत आजही आहे. नवीन पुस्तकांची यादी 1944 पासून निघते. अडचणीच्या काळातली भेट त्या देशाला वाचायची सवय लावून गेली.

आता पूर्वेकडे वळू. चीनमध्ये नवं वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. घरातली मोठी माणसं लेकरांना लाल पाकिटात कोऱ्या नोटा घालून देतात. देणाऱ्यासमोर ते पाकीट उघडणं बरं मानत नाहीत. कुणी किती दिले हे चारचौघांत कळत नाही. कोरियात लेकरं गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून मोठ्यांना नमस्कार करतात, मग त्यांच्या हातात पैसे पडतात. जपानमध्येही 1 जानेवारीला छोट्या रंगीत पाकिटातून लेकरांना पैसे मिळतात. म्हणजे नमस्कार, आशीर्वाद आणि झाकलेली मूठ.

आणि आपल्या शेजारी गोव्यात काय होतं? नाताळाच्या आधी बाया एकत्र बसून नेवऱ्या, कलकल, दोदोल करतात. मग ताटं भरतात, वर कापड झाकतात आणि शेजारीपाजारी पाठवतात. त्यात हिंदू शेजारीही आले. दिवाळीला हिंदू घरातून फराळाचं ताट तिकडे जातं. ताट पोचवायला बहुतेक वेळा पोरंच पळतात. दिलेलं ताट रिकामं परत येत नाही, हे लेकरं तिथंच शिकतात.

मैत्रिणींनो, आता या सगळ्या रीती एका ओळीत ठेवून बघा. तीन गोष्टी सगळीकडे दिसतात. पहिली, भेट लहान असते. बुटात, मोज्यात, पाकिटात, ओंजळीत मावेल एवढी. दुसरी, देणारा लपलेला असतो, नाहीतर दिलेलं झाकलेलं असतं. निकोलस रात्री येतो, बेफाना रात्री येते, पाकीट बंद असतं. तिसरी, ते सगळ्या लेकरांना मिळतं. निदान रीत तरी तशी आहे. या तीन गोष्टी असल्या की भेटीमुळे कुणी कर्जात पडत नाही आणि कुणी लहान होत नाही.

यातली एक जरी सुटली, तरी रीत उलटी फिरते. याचं उदाहरण आमच्याच भागातलं आहे. शाळेचं नाव आम्ही घेणार नाही. एका शाळेतून नाताळाच्या आधी पालकांना निरोप आला, आपापल्या मुलासाठी भेट कागदात बांधून, नाव टाकून आणून द्या, आमचा सांताक्लॉज ती वाटेल. सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिली. एकाला रिमोटची गाडी निघाली, एकीला मोठी बाहुली निघाली. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलाला कंपासपेटी निघाली. चांगली पेटी होती, ताईनं मजुरीच्या पैशातून घेतली होती. पोरगं घरी आलं आणि म्हणालं, "आई, सांताला मी आवडत नाही का? मी काय केलं?"

त्या ताईला काय उत्तर सुचणार? देणारा लपलेला होता खरा, पण भेटी सारख्या नव्हत्या. अशा वेळी लेकराला वाटतं, मलाच कमी मिळालं, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे. युरोपात खोडकर पोरांच्या मोज्यात कोळसा ठेवतात असं सांगतात, आइसलँडमध्ये सडका बटाटा. चांगलं वाग, नाहीतर मिळणार नाही, ही धमकी त्या रीतींत आहेच. गंमतीपुरती ती ठीक. पण जिथं एका घरात पैसा आहे आणि शेजारच्या घरात नाही, तिथं गरिबाचं लेकरू स्वतःलाच वाईट ठरवून बसतं. म्हणून आम्हाला असं वाटतं, की राजानं, सांतानं, देवानं दिलं असं सांगायचं असेल तर ते सगळ्यांना सारखंच असावं, मूठभर असावं. आणि मोठं काही घेतलं तर लेकराला सरळ सांगावं, हे तुझ्या आईनं कांदे खुरपून आणलंय. त्यात कमीपणा नाही. उलट लेकराला आईच्या हातांची किंमत कळते.

आता पैशाचं बोलू, कारण आपण गटातल्या बायका आहोत. शेकडा दोन रुपये महिन्यानं पाच हजारांचं कर्ज घेतलं, तर महिन्याला शंभर रुपये नुसतं व्याज. वर्षभर मुद्दल तसंच राहिलं तर बाराशे रुपये गेले. फुगे त्याच रात्री फुटतात. आम्ही कुणाला सण करू नका असं सांगत नाही. लेकराचं कौतुक झालंच पाहिजे. पण कर्ज काढून केलेल्या कौतुकाचे हप्ते पुढे घरातल्या दुधातून जातात, आणि ते दूध त्याच लेकराच्या तोंडचं असतं.

मग आमच्या गटानं काय केलं? संक्रांतीनंतर एका रविवारी देवळापुढच्या पारावर सगळ्या लेकरांचं एकत्र बोरन्हाण घ्यायचा ठराव केला. प्रत्येकीनं वीस रुपये आणि जे शेतात असेल ते आणायचं. कुणी बोरं आणली, कुणी ऊस, कुणी घाटे, कुणी शेंगा. चुरमुरे आणि रेवड्या तेवढ्या विकत घेतल्या. सगळं एकाच मोठ्या घमेल्यात ओतलं आणि कालवलं. एकदा कालवलं की कुणाची बोरं आणि कुणाच्या रेवड्या हे कुणालाच सांगता येत नाही. आमचा निकोलस म्हणजे हे घमेलं!

दोन गोष्टी आम्ही वहीत लिहून घेतल्या. एक, मुलींचं बोरन्हाण मुलांच्या बरोबरीनं. काही घरांत पहिल्या मुलाचं थाटात होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुलीचं राहून जातं, "पुढच्या वर्षी करू" म्हणत ती पाच वर्षांची होते. पारावर सगळ्या पोरी पाटावर बसल्या. दुसरी गोष्ट, ऊसतोड कामगारांची लेकरं. याच दिवसांत ती आईबापांबरोबर आपल्या शिवारात कोप्यांमध्ये राहतात. पहाटेच्या गारठ्यात आई फडात जाते आणि लेकरू पाचटावर झोपलेलं असतं. आपण बोरन्हाणात उसाचे करवे ओततो, तो ऊस त्यांच्या आयांनी तोडलेला असतो. ती लेकरं दुरून बघत उभी राहावीत हे आम्हाला पटेना. आमच्यातल्या दोघी-तिघी आदल्या संध्याकाळी कोप्यांवर जाऊन आमंत्रण देऊन आल्या. सकाळी त्या आया फडात गेल्या होत्या, पण मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन आल्या. त्या बहिणीही आठ-नऊ वर्षांच्याच होत्या. त्यांनाही आम्ही पाटावर बसवलं. वय मोजायची गरज नव्हती.

यंदा त्यात आणखी एक गोष्ट धरायचं चाललंय. पूर्वेकडच्या पाकिटांवरून ती सुचली. कुणाला लेकराच्या हातावर पैसे ठेवायचेच असतील, तर ते बंद पाकिटात द्यायचे आणि लेकराच्या खात्यात टाकायचे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धीचं खातं उघडता येतं. त्यात वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरावे लागतात. मुलीचा जन्मदाखला आणि पालकांची कागदपत्रं लागतात. मामा, काका, आजी मिळून पाकिटं देणार असतील तर एवढे सहज जमतील. आणि ज्यांना पुस्तक द्यावंसं वाटतं त्यांनी आइसलँडच्या लोकांसारखं एखादं गोष्टीचं पुस्तक द्यावं. ते गल्लीत दहा घरं फिरतं.

तुमच्या गटाला असं करायचं असेल तर येत्या बैठकीत विषय काढा. तारीख ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळा. वर्गणी सगळ्यांची सारखी ठेवा आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडून चार बोरं घ्या, पण घ्या नक्की. देणाऱ्यांच्या नावांची यादी वाचू नका, फलक लावू नका. अगदी तान्ह्या लेकरांच्या अंगावर कडक बोरं आणि उसाचे तुकडे पडू देऊ नका, त्यांच्यासाठी चुरमुरेच वेगळे ठेवा. शेंगदाणे आणि गोळ्या बारक्यांच्या घशात अडकतात, तिकडे एकीनं लक्ष ठेवा. विधवा बायकांना ओवाळायला पुढे बोलवा. लेकराला ओवाळणारा हात कुणाचाही शुभच असतो.

बोरी या वर्षी चांगल्या लागल्यात, मैत्रिणींनो. घमेलं घासून ठेवा आणि आपल्या शिवारात कोप्या कुठं पडल्यात ते आजच बघून या. तुमच्या गावात काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी या रेडिओवरून सगळ्यांना सांगू.